मुलं बोलत नाहीत तेव्हा आधी हे आठवा, मागच्या वेळी बोलली तेव्हा काय झालं होतं

प्रश्न असा आहे : मुलगा १५ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधीच सगळं सांगून मोकळा व्हायचा. आता काहीही विचारा, 'काही नाही', 'ठीक', 'झालं', एवढंच. खोलीचं दार लावून बसतो, जास्त विचारलं तर चिडतो. वडील म्हणतात वयच तसं आहे, सोड. आईला वाटतंय आत काहीतरी चाललंय आणि आपल्याला कळत नाहीये. त्याला मन मोकळं करायला लावू कसं, आणि न सांगता त्याचा फोन बघितला तर चालेल का?

ताई, मी समुपदेशक आहे, बरीच वर्षं याच वयाच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर काम करतेय, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा येतो की उत्तर जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे तुम्ही काही गमावलंय असं लगेच समजू नका. या वयात मुलं घरच्यांशी कमी बोलतात हे बऱ्याच अंशी वाढीचंच लक्षण आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवून मेंदूचे स्कॅन केले होते, त्यात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतला आनंद देणारा भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होता आणि १३ च्या पुढच्या मुलांमध्ये तोच भाग अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद द्यायला लागला होता. म्हणजे मेंदूच बाहेरच्या जगाकडे कान लावायला लागतो, आईवरचं प्रेम आटलं असा त्याचा अर्थ नाही. त्यात भर म्हणजे या वयात सतत असं वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं होतं. ज्याला आपल्या नाकावरची पुटकुळी साऱ्या वर्गाला दिसतेय असं वाटतं, त्याला 'मला आज खूप वाईट वाटलं' हे घरात मोठ्याने म्हणणं किती अवघड जात असेल बघा.

आणि काही गोष्टी मुलांना मनापासून फक्त स्वतःच्या वाटतात. मित्र कोण, कोण आवडतं, डायरीत काय लिहिलंय, केस कसे ठेवायचे. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय आणि त्यांचं म्हणणं मला माझ्या कामात रोज पटतं, की सुरक्षिततेच्या गोष्टीत आईवडिलांनी लक्ष घालावं हे मुलं मान्य करतात, अगदी कुरकुर करत का होईना, पण या खासगी वर्तुळात हात घातला की भिंत उभी राहते. त्यामुळे सगळं कळलंच पाहिजे हा हट्ट आधी सोडून द्या. अडचणीत असला तर त्याला तुमच्याकडे येता आलं पाहिजे, आपलं लक्ष तिथे हवं.

आता माझं मुख्य म्हणणं. आईवडील मला विचारतात 'कसं विचारू म्हणजे तो बोलेल'. मी म्हणते विचारण्याचं नंतर बघू, आधी आठवून सांगा की मागच्या वेळी त्याने आपणहून काही सांगितलं होतं तेव्हा पुढच्या दोन मिनिटांत काय झालं. कारण मूल तिथे हिशोब मांडतं. सांगितलं तर काय मिळालं आणि काय गेलं. ओरडा बसला, लेक्चर मिळालं, आईच रडायला लागली आणि मग तिलाच सावरावं लागलं, बाबा तडक शाळेत फोन करायला उठले, नाहीतर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या नातेवाइकांत पोचली. असं दोन-तीनदा झालं की मूल शहाणं होतं आणि 'काही नाही' म्हणायला शिकतं. 'काही नाही' म्हटलं की संभाषण तिथेच संपतं, काही त्रास होत नाही, त्याच्या दृष्टीने ते अगदी चोख उत्तर आहे.

एक उदाहरण जवळून बघू. मूल जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणतं, "त्यांनी मला ग्रुपमधून काढलं."

बहुतेक घरांत पुढचं वाक्य यातलं एखादं असतं. "का? तू काय केलंस?" किंवा "बरं झालं, तशीही ती मुलं मला आवडत नव्हती." किंवा "एवढंसं काय मनाला लावून घेतोस, दुसरे मित्र कर." किंवा "थांब, मी त्याच्या आईशी बोलते." चारही वाक्यं प्रेमातूनच आलेली आहेत, यात मला अजिबात शंका नाही. पण मुलाच्या बाजूने ऐकून बघा. पहिल्यात तो आरोपी झाला. दुसऱ्यात ज्यांच्यासाठी जीव तुटतोय त्यांनाच नावं ठेवली, म्हणजे आता त्यांची बाजू घेऊन आईशी भांडायचं की गप्प बसायचं. तिसऱ्यात त्याचं दुःख क्षुल्लक ठरलं. चौथ्यात तर उद्या शाळेत आणखी शोभा होणार हे नक्की. मूल "जाऊ दे" म्हणतं आणि उठून जातं, आणि आईला वाटतं मी तर मदतच करत होते.

याऐवजी काय? हातातलं काम थांबवायचं, पण एकदम वळून त्याच्या समोर जाऊन बसायचं नाही, त्याचंही दडपण येतं. "ग्रुपमधून काढलं?" एवढंच म्हणायचं, त्याचेच शब्द, हळू. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड, मला माहितीये, कारण तोंडाशी दहा प्रश्न आलेले असतात. पण त्या शांततेत तो ठरवत असतो की पुढचं सांगावं की नाही. बऱ्याचदा पुढचं वाक्य येतं, "हो, काल रात्री, आणि आज सगळे तिथलंच काहीतरी बोलून हसत होते." इथे "अरे बापरे, मग दिवसभर तसंच बसायला लागलं असेल तुला वर्गात" असं काहीतरी, म्हणजे जे घडलं त्यात त्याच्यावर काय गुजरलं तिकडे लक्ष. कोण चुकलं हे नाही, आता काय करायचं हेही नाही. आणि सगळं बोलून झालं की एकच प्रश्न, "मी फक्त ऐकू, की काय करता येईल ते दोघं मिळून बघू या?" हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक पालकाला शिकवते. पुष्कळ मुलं "फक्त ऐक" म्हणतात. तसं म्हटलं तर खरंच फक्त ऐकायचं हं, मध्येच "बरं पण मला एक सांग" करून उपाय घुसवायचा नाही.

ऐकणं म्हणजे सगळ्याला मान डोलावणं मात्र नाही. त्याने कॉपी केली, कुणाला मारलं, दारू पिऊन बघितली असं सांगितलं तर तुमचं मत असणारच आणि ते सांगायलाच हवं. फक्त त्याच मिनिटाला नको. "सांगितलंस ते बरं केलंस, मला जरा विचार करायला वेळ दे, उद्या बोलू" असं म्हणा आणि दुसऱ्या दिवशी नक्की बोला. जो परिणाम भोगायचा तो त्या कृत्याचा असावा, खरं सांगण्याचा नसावा, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, "हे तू स्वतः येऊन सांगितलंस म्हणून आपण वेगळ्या पद्धतीने सोडवू." मुलं हे अगदी बारकाईने लक्षात ठेवतात.

आता गुपिताचं. माझ्याकडे येणारी मुलं घरी बोलणं का बंद केलं याचं जे कारण पुन्हा पुन्हा सांगतात ते हेच, की आईने पोटात ठेवलं नाही. एका मुलीचं सांगते (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत), तिने आईला सांगितलं होतं की तिला एक मुलगा आवडतो, एवढंच, बाकी काही नाही. आईला ते गोड वाटलं, तिने कौतुकानेच मावशीला फोनवर सांगितलं, आणि पुढच्या भेटीत मावशीने सगळ्यांसमोर तिला चिडवलं. आईच्या दृष्टीने ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती, मुलीने मात्र त्यानंतर घरात कुणालाच काही सांगितलं नाही, अगदी पुढे शाळेत एक जण तिला खरोखरच त्रास द्यायला लागला तेव्हाही नाही. म्हणून सांगते, मुलाने सांगितलेलं अगदी नवऱ्यालाही सांगायच्या आधी त्याला विचारा, "बाबांना सांगू का, की तू सांगशील?" आणि जे गुप्त ठेवता येणार नाही तेही आधीच सांगून टाका, की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला कुणाची तरी मदत घ्यावीच लागेल, पण तेव्हाही तुला सांगूनच घेईन.

याहून वाईट एकच गोष्ट, विश्वासाने सांगितलेलं पुढच्या भांडणात त्याच्याच तोंडावर मारणं. "म्हणूनच तुला मित्र नाहीत" हे वाक्य रागाच्या भरात एकदा गेलं की मागे घेता येत नाही, मुलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत. गेलंच असेल तर माफी मागा. 'पण तूही' न लावता. "ते मी बोलायला नको होतं, तू विश्वासाने सांगितलं होतंस, माझं चुकलं." आईबाबा माफी मागतात हे ज्या घरात मुलाने पाहिलेलं असतं तिथे त्यालाही स्वतःची चूक कबूल करणं सोपं जातं.

कधी आणि कुठे याबद्दल थोडक्यात. समोरासमोर बसून "चल आता बोलू या" असं केलं की बहुतेक मुलं आक्रसतात. गाडीतून जाताना, चालताना, एकत्र काही काम करताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा वेळी, बोलणं सुटं होतं. शाळेतून आल्या आल्या विचारू नका, ते थकलेले असतात, आधी अर्धा तास त्यांचा त्यांना द्या. आणि रात्री. वयात येताना मेंदूतलं मेलाटोनिन म्हणजे झोप आणणारं रसायन उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे आपण झोपेला आलेलो असतो तेव्हा ही मुलं चांगली जागी असतात आणि नेमकी तेव्हाच येऊन पलंगाच्या कडेवर बसतात. शक्य असेल तेव्हा त्यांना 'उद्या सांग' म्हणू नका, ती वेळ उद्या परत येईलच असं नाही. रोजच जागवा असं मी म्हणत नाहीये, या वयाला ८ ते १० तास झोप लागतेच आणि अपुऱ्या झोपेने चिडचिड आणखी वाढते. पण आलेलं मूल परत पाठवू नका. आणि तुमचा फोन बाजूला ठेवा, पालथा वगैरे नाही, बाजूलाच.

भावनांबद्दल थेट विचारायची घाई पण करू नका. तो जो गेम खेळतो, जे गाणं ऐकतो, ज्या खेळाडूवर जीव टाकतो, त्याबद्दल खऱ्या कुतूहलाने विचारा आणि त्यात लगेच काही शिकवायला जाऊ नका. बिनमहत्त्वाचं बोलणं चालू असेल तरच महत्त्वाचं बोलणं त्यातून निघतं. ज्या घरात मुलाशी फक्त अभ्यास, मार्क, आवर आणि झोप एवढ्याच विषयांवर बोललं जातं तिथे अचानक "तुला आतून कसं वाटतंय" विचारलं तर तो गोंधळणारच.

शब्दांचीही अडचण असते. बऱ्याच मुलांना खरंच सांगता येत नाही काय होतंय ते, 'बोअर होतंय' आणि 'डोकं फिरलंय' या दोनच शब्दांत राग, लाज, एकटेपणा, मत्सर, भीती सगळं कोंबलेलं असतं. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात भावना दाखवणारे चेहरे बघताना लोकांनी त्या भावनेला नाव दिलं तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याचा इशारा देणारा भाग शांत झालेला दिसला. म्हणजे नाव देता आलं तर भावनेचा जोर थोडा उतरू शकतो. पण ते नाव तुम्ही त्याच्यावर लादू नका. "तू जेलस आहेस" असं म्हटलं तर भांडण होईल, "मला वाटतं मी असते तर मला थोडं बाजूला पडल्यासारखं वाटलं असतं, तुझं तसं आहे की वेगळंच काही?" असं म्हटलं तर त्याला 'नाही' म्हणायला जागा राहते, आणि 'नाही, तसं नाही, उलट…' म्हणतच मुलं खरं सांगायला लागतात. 'का' ने सुरू होणारे प्रश्न टाळा, ते जाब विचारल्यासारखे वाटतात. 'काय झालं', 'मग पुढे', 'तेव्हा तू काय केलंस' हे बरे.

मुलग्यांबद्दल एक वेगळं सांगायचंय. आपण धरून चालतो की मुलगे लाजतात म्हणून बोलत नाहीत. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ आणि सहकाऱ्यांनी मुलांना विचारलं तेव्हा मुलग्यांनी लाज किंवा भीती मुलींपेक्षा जास्त असल्याचं सांगितलं नाही, त्यांचं म्हणणं होतं की अडचणींबद्दल बोलत बसणं विचित्र वाटतं आणि वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यामुळे "घाबरू नको, बोल" या आग्रहाचा तुमच्या मुलावर फारसा उपयोग होणार नाही. बोलून फायदा झाला हा अनुभव त्याला छोट्या छोट्या गोष्टींत यावा लागेल. इथे वडिलांचा वाटा मोठा आहे. 'वयच तसं आहे' हे ते म्हणतात त्यात तथ्य आहे, पण 'सोड' हे पटत नाही. वडिलांनी कधीतरी सहज म्हणावं, "आज कामावर मला सगळ्यांसमोर बोलले, फार लागलं, घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं." एवढंच, त्यातून काही बोध काढायचा नाही. पुरुष माणूस असं बोलू शकतो आणि बोलून काही बिघडत नाही हे बघितलं की मुलगा शिकतो. फक्त प्रमाण सांभाळा, नवराबायकोची भांडणं, पैशांची चिंता हे ओझं मुलावर टाकू नका.

आता फोन. न सांगता बघू नका, निदान नुसत्या काळजीपोटी तरी नको. स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि कर या संशोधकांनी २००० साली १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की पालकांना मुलांबद्दल जी माहिती असते ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे असते, पाळत ठेवल्यामुळे किंवा चौकश्या केल्यामुळे त्या मानाने कमी. लपून फोन बघून तुम्हाला कदाचित चार गोष्टी कळतील, पण कळलेलं वापरायचं तर बघितल्याचं कबूल करावं लागेल, आणि तो मग दुसरं अकाउंट उघडेल आणि तुम्हाला काहीच सांगणार नाही. फोनचे नियम असावेत, रात्री फोन खोलीबाहेर राहील, अनोळखी माणूस फोटो मागत असेल तर आम्हाला सांगायचं आणि त्यासाठी फोन काढून घेतला जाणार नाही, असे सगळे नियम त्याच्याशी बोलून उघडपणे ठरवा. ते शेवटचं आश्वासन फार मोलाचं आहे, कारण फोन जाईल या भीतीने कितीतरी मुलं ब्लॅकमेल एकटी सहन करतात. जिवाला धोका आहे अशी ठोस शंका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बघा, आणि बघितलं हे त्याला सांगा.

त्यावरूनच, कधी थांबून राहायचं नाही ते सांगते. या वयातलं डिप्रेशन रडवेल्या चेहऱ्याचंच असतं असं नाही, सततची चिडचिड हेही त्याचं रूप असू शकतं. उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज, आवडत्या गोष्टींतलं मन उडालेलं, झोप-भूक बदललेली, मार्क अचानक घसरलेले, मित्रही तोडलेले, उकाड्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे (स्वतःला केलेल्या जखमा लपवायला), 'मी नसतो तर बरं झालं असतं' असली वाक्यं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं. दार लावून बसतो पण मित्रांशी हसतो-खेळतो, आणि दार लावून बसतो आणि मित्रांचेही फोन घेत नाही, या दोन्हींत फार फरक आहे, आधी तो बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांमागे एकाला कुठला तरी मानसिक आजार असतो, तेव्हा 'आमच्या घरात असलं काही नाही' असं म्हणून गप्प बसू नका.

आणि शंका आली तर सरळ विचारा. "जगू नये असं वाटतं का तुला? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते, पण यावरच्या संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट अनेक मुलांना सुटल्यासारखं होतं की कुणीतरी शेवटी विचारलं. उत्तर हो आलं तर किंचाळू नका, शपथा घालू नका, "आईचा तरी विचार कर" म्हणू नका. "सांगितलंस ते फार बरं केलंस, मी इथेच आहे" म्हणा, एकटं सोडू नका, घरातली औषधं, विषारी वस्तू, धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे किंवा तुमच्याकडे जी आणीबाणीची सेवा असेल तिथे न्या.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही, पण मित्रांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, तेवढं नीट बघा. पुढचे तीन-चार आठवडे प्रश्न निम्मे करा, त्याच्या आवडीच्या एका गोष्टीत रोज थोडा वेळ नुसत्या सोबत राहा, आणि तो जे काही एखादं वाक्य टाकेल त्यावर पहिली दोन मिनिटं सल्ला, चौकशी, समजूत यातलं काहीच करू नका. तो तुमच्याशी नाही पण मामाशी, आत्याशी, एखाद्या शिक्षकांशी बोलत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्याकडून माहिती काढू नका, ते नातं जपा. एवढं करूनही काही हललं नाही किंवा वरची लक्षणं दिसायला लागली तर समुपदेशकाकडे जा, आणि तो यायला तयार नसेल तर त्याला ओढत नेऊ नका, आधी तुम्ही दोघं जा, नवरा-बायको, कितीतरी घरांत आम्ही सुरुवात आईवडिलांपासूनच करतो आणि मूल नंतर स्वतःहून येतं.